बांधावरची बैठक : आपल्या गावाच्या तंटामुक्त समितीचा इतिहास

सरकारी कागदांनुसार आपल्या समितीची जन्मतारीख सोपी आहे. १५ ऑगस्ट २००७ ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि त्याच महिन्यातल्या ग्रामसभेत आपल्या गावाने समिती नेमली. मोहिमेची कल्पना तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांची. आबा आपल्याच तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे, त्यामुळे 'आपल्या माणसाची योजना' म्हणून ग्रामसभेला गर्दी झाली होती. ठराव टाळ्यांच्या गजरात झाला. अर्ध्या लोकांना समितीने नेमकं काय करायचं हे कळलेलं नव्हतं, आणि समितीलाही त्या दिवशी ते पुरतं कळलं होतं असं म्हणवत नाही.

ग्रामविकासमंत्री असताना आबांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान राबवलं होतं. गावाने स्वतःच्या हाताने काम करायचं, सरकारने बक्षीस द्यायचं, हा तिथला साचा त्यांनी इथे भांडणांना लावला. समितीत सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, बीट हवालदार ही पदाची माणसं. शिवाय शिक्षक, डॉक्टर, महिला मंडळाच्या बायका, तरुण मंडळाचे कार्यकर्ते. अध्यक्ष ग्रामसभेने निवडायचा. गावातले तंटे दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर अशा रकान्यांत नोंदवायचे, मिटतील तेवढे सामोपचाराने मिटवायचे, आणि नवे उद्भवू नयेत म्हणून दारूबंदी, एक गाव एक गणपती असले उपक्रम चालवायचे. मूल्यमापनाला बाहेरच्या जिल्ह्यातून पथक येई. गावाच्या लोकसंख्येप्रमाणे बक्षीस एक लाखापासून दहा लाखांपर्यंत होतं.

पण या भागात चार माणसांनी बसून भांडण मिटवणं २००७ साली सुरू झालं, असं लिहिलं तर आपले आजे-पणजे रागावतील. मराठेशाहीत गोतसभा बसायची. पाटील, कुलकर्णी, देशमुख आणि बारा बलुतेदार यांच्यासमोर वाद चाले, निर्णयाचा महजर लिहिला जाई, आणि ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी काढी. कुणब्याचा नांगर आणि लोहाराचा हातोडा एकाच कागदावर. इंग्रजी अमदानीत कोर्टं आली, स्टॅम्प आला, वकील आला, आणि सावकाराच्या फिर्यादीत कुळं बुडू लागली. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर सरकारने १८७९ साली शेतकऱ्यांसाठी जो कायदा केला, त्यात समेट घडवणारे अधिकारी नेमण्याची सोय होती. शेतकऱ्यावर दावा लावण्यापूर्वी त्यांच्याकडे जावं लागे आणि समेट झाला नाही असा दाखला आणावा लागे. तो कायदा तेव्हाच्या सातारा जिल्ह्याला लागू होता आणि तासगाव तालुका त्या जिल्ह्यात होता.

मग १९४३ ते ४६ चं प्रतिसरकार. नाना पाटलांच्या सरकारची न्यायदान मंडळं या पट्ट्यात गावोगाव बसत होती. कुंडल इथून फार लांब नाही. जुनी माणसं त्यांच्याबद्दल अभिमानाने बोलायची, पण त्या मंडळांमागे तुफान सेना उभी होती हे सांगायलाही ती विसरत नसत. आपल्या समितीमागे चहाच्या किटलीखेरीज काहीही उभं नव्हतं. हा फरक मोठा आहे, आणि समिती पुढे ज्या पद्धतीने घडली ती बरीचशी त्यामुळेच.

पहिल्या वर्षी बैठकी मारुतीच्या देवळात ठरल्या. दुसऱ्याच बैठकीला वस्तीवरच्या एका अर्जदाराने पायरीवरूनच सांगितलं, "मी हितंच बसतो, बोला तुम्ही." कोणी त्याला आत येऊ नको म्हटलं नव्हतं. तरी तो आत आला नाही, आणि का आला नाही हे सगळ्यांना कळलं. महिला सदस्यांपैकी एक आक्का उठल्या आणि म्हणाल्या, "मग आपणच बाहीर जाऊ." तेव्हापासून बैठक शाळेच्या व्हरांड्यात, एका जाजमावर. खुर्ची कोणालाच नाही, बीट हवालदारांनाही नाही. गुडघ्याच्या दुखण्याची सबब सांगणाऱ्यांसाठी एक बाक ठेवलेला असतो, तोही भिंतीकडेला.

पद्धत हळूहळू बसली. अर्ज साध्या कागदावर. आधी दोन्ही बाजूंना वेगवेगळं भेटायचं, शक्यतो त्यांच्या घरी, घरातल्या बायकांच्या देखत. मग एकत्र बैठक. ज्याने अर्ज केला त्याने आधी बोलायचं, दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही, मग उलट. हे ऐकायला सोपं वाटतं. भावकीच्या भांडणात अर्धा तास गप्प बसून समोरच्याचं ऐकणं म्हणजे काय, ते बसणाऱ्यालाच ठाऊक.

जुन्या पंचांचा एक लाडका शब्दप्रयोग होता : झालं गेलं गंगेला मिळालं. बैठक सुरू होऊन दहा मिनिटं झाली की कोणीतरी हे म्हणायचं, दोघांच्या हातात हात द्यायचं आणि चहा सांगायचं. पहिल्या वर्षी असे बरेच तंटे 'मिटले'. पेरणीला तेच पुन्हा उभे. गंगेला काही मिळालेलं नव्हतं, बांधावरच साचून राहिलं होतं. समितीने मागचं उकरायला परवानगी द्यायची ठरवलं, तेव्हापासून कामाला खरी सुरुवात झाली असं माझं मत आहे. काही सदस्यांना ते आजही पटत नाही.

ज्या प्रकरणाने समितीला वळण लावलं ते सविस्तर सांगतो. नावं घालत नाही, कारण ती दोन्ही घरं आज एकमेकांच्या लग्नकार्यात पंगतीला बसतात. दोघे चुलतभाऊ. वाटणीत थोरल्याला वरची जमीन आली, धाकट्याला रस्त्याकडची. दोघांच्याही द्राक्षबागा. वरच्या बागेत जायचं तर धाकट्याच्या बांधावरून. बैलगाडीच्या काळात ते चालून गेलं. मग ट्रॅक्टर आला, औषध मारायचा ब्लोअर आला, आणि धाकट्याने बांधाला लागून द्राक्षाची एक ओळ वाढवली. वाट आक्रसली. एका ऑक्टोबर छाटणीनंतर त्याने बांधावर कुपाटी घातली.

द्राक्षवाल्यांना सांगायला नको, फुलोऱ्यात पाऊस लागला आणि त्याच दिवशी फवारणी झाली नाही तर डाऊनी बाग खाऊन जातो. थोरल्याच्या पोरांनी पाठीवर पंप घेऊन औषध मारलं, तरी निम्मा माल गेला. मग मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली अडथळा काढण्याचा अर्ज, त्यावर उलट अर्ज, महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्त्याची मागणी, त्यावर अपील. मध्ये एकदा कुपाटी कोणीतरी पेटवली, अदखलपात्र गुन्ह्याची नोंद झाली, दोन्हीकडच्या पोरांवर चॅप्टर केस झाली. दोघांच्याही फायली समितीकडे आल्या तेव्हा त्या दोरीने बांधाव्या लागत होत्या.

समितीने पहिली बैठक व्हरांड्यात घेतली, ती वाया गेली. दोघेही वकिलासारखे बोलत होते. गट नंबर, वहिवाट, चतुःसीमा. दुसरी बैठक पोलीस पाटलांनी सुचवल्यावरून बांधावरच घेतली, बाभळीच्या सावलीत, दोन्ही घरच्या बायकांना बोलावून. तिथे धाकट्याच्या आईने तोंड उघडलं. विषय रस्त्याचा नव्हताच. सामाईक विहिरीवरच्या मोटारीचं वीजबिल धाकट्याच्या नावावर येत होतं आणि थोरल्याने तीन वर्षं आपला वाटा दिला नव्हता. थोरल्याने लगेच उत्तर दिलं, "का दिला न्हाई ते बी सांग की काकी." का, तर आजोबांच्या शेवटच्या आजारपणात मिरजेच्या दवाखान्याचा सगळा खर्च त्याने एकट्याने केला होता आणि तो वाटणीत कोणी धरला नाही.

त्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर दोघांचे हिशेब दोन रकान्यांत मांडले. दवाखाना, वीजबिल, पाइपलाइन, एका लग्नातला आहेर, एक विकलेली म्हैस. बेरीज जुळेना, जुळणारही नव्हती. पण कागदावर सगळं आल्यावर थोरल्याने चष्मा लावून दोन्ही रकाने वाचले आणि बराच वेळ काही बोलला नाही. धाकट्याने विचारलं, "म्हशीचं पैसं धरलं का?" थोरला हसला. कारण म्हैस धाकट्यानेच विकली होती.

तरीही तोडगा त्या दिवशी निघाला नाही. निघाला तो आठवडाभराने, आणि तो समितीने दिलेला नव्हता. समितीतल्या एका उत्साही सदस्याने "आजच्या आज ओळ काढून टाका" असं सुचवलं होतं. ते झालं असतं तर धाकट्याचं वर्षाचं पीक जमिनीवर आलं असतं आणि तंटा आणखी वीस वर्षं चालला असता. थोरल्यानेच सांगितलं, माल उतरल्यावर काढ, तोवर मी खालच्या शेजाऱ्याला विचारून त्याच्या कडेने ब्लोअर नेतो. बांध धरून आठ फुटांची वाट ठरली. ओळ एप्रिल छाटणीआधी काढायची. त्या ओळीच्या बदल्यात विहिरीच्या पाळीत धाकट्याला जादा दिवस, मोटारीला दोघांचे वेगळे मीटर, आणि मागची बाकी दोघांनी सोडली. कुपाटी कोणी पेटवली हा प्रश्न कोणी विचारला नाही. तेवढं उकरायचं नाही असं त्यांनीच न बोलता ठरवलं.

तहसीलदारांनी निकाल दिला असता तर एक जिंकला असता, दुसरा अपिलात गेला असता. शिवाय निकालात रस्ता आला असता. वीजबिल, दवाखाना आणि म्हैस कुठल्या कलमाखाली बसवणार? एप्रिलची तारीख तर कोणत्याच आदेशात आली नसती, कारण ती तारीख फक्त द्राक्षवाल्या दोघांनाच सुचू शकत होती.

समितीच्या तडजोडीला कायद्याची धार नसते, हे लोकांना वारंवार सांगावं लागतं. समिती म्हणजे कोर्ट नव्हे. दंड करता येत नाही, हुकूम काढता येत नाही. फौजदारीतले जे गुन्हे कायद्यानेच आपसात मिटवता येतात तेवढेच हातात घ्यायचे. ज्यांचे दावे तासगावच्या कोर्टात आधीच चालू होते, त्यांची तडजोड पुरसिस लोकअदालतीत दाखल करण्याचा मार्ग चांगला ठरला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे लोकअदालतीतल्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकुमनाम्याइतकी किंमत असते, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते. कोर्ट फी परत मिळते हे कळल्यावर दोन जुने दावे अचानक मिटण्याजोगे झाले, ही गोष्ट इतिहासात नोंदवून ठेवायला हरकत नाही.

आता बक्षिसाबद्दल. सुरुवातीच्या वर्षांत गाव तंटामुक्त जाहीर झालं, रक्कम मिळाली, दैनिकांत फोटो आले. ती रक्कम कशावर खर्चायची यावरून ग्रामसभेत जो तंटा झाला त्याची नोंद वहीत नाही. शेवटी व्यायामशाळेचं साहित्य आणि शाळेला पाण्याची टाकी असा तोडगा निघाला. गंमत सोडली तर बक्षिसाने काम वाढलं हे खरं, आणि वही फुगली हेही खरं. मूल्यमापनाचं पथक यायच्या आधीच्या महिन्यात शेळीने भाजी खाल्ल्याचे अर्ज फार यायचे आणि लगेच मिटायचे. आकडे बघून गाव जोखायची पद्धत आली की गावं आकडे पिकवतात. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. हा अनुभव एकट्या आपला नसावा.

या आकड्यांच्या घाईतूनच समितीतलं सगळ्यात मोठं भांडण झालं. एका सुनेने मारहाणीचा अर्ज दिला होता. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना बोलावून, नवऱ्याकडून कबुली घेऊन तिला परत नांदायला पाठवावं, असं पुरुष सदस्यांचं म्हणणं. तीन महिला सदस्यांनी सही करायला नकार दिला. आक्का म्हणाल्या, "बांधाच्या भांडणात दोघं बी सारखं. हितं एकाच्या हातात काठी हाय. समेट कुणाकुणाचा?" बैठक मोडली. महिनाभर समिती बसली नाही. पुढे ग्रामसभेतच ठरलं की मारहाण, लैंगिक गुन्हा, जातीवरून झालेला अत्याचार, अल्पवयीन मुलीचं लग्न, यातलं काहीही समितीपुढे येणार नाही. तिथे समितीचं काम एकच : त्या व्यक्तीसोबत पोलीस ठाण्यात किंवा संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचं. त्या सुनेबरोबर आक्का स्वतः गेल्या. माझ्या मते समितीच्या इतिहासात बक्षिसापेक्षा हा ठराव मोठा आहे, जरी त्याचा फोटो कुठल्या दैनिकात आला नाही.

त्याच ठरावात आणखी एक ओळ घातली गेली : समिती कोणालाही दंड करणार नाही आणि वाळीत टाकणार नाही. तेव्हा काहींना ती अनावश्यक वाटली. पण चार माणसं जाजमावर बसली की जातपंचायतीची सवय अंगात यायला वेळ लागत नाही. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो २०१६ चा. आपल्या ग्रामसभेला ते आधी सुचलं, याचा अभिमान वाटायला हरकत नाही. याच बळावर समितीने दोन आंतरजातीय लग्नं शाळेच्या पटांगणात लावली. एकाला मुलाकडचे आले नाहीत, नंतर बारशाला आले.

१६ फेब्रुवारी २०१५ ला आबा गेले. त्याआधीच मोहिमेचा जोर ओसरू लागला होता, नंतर तर पथकं यायची थांबली, बक्षिसं थांबली. पुष्कळ गावांत समिती कागदावर उरली. काही ठिकाणी उलटंच झालं : तंटामुक्त अध्यक्षपदाच्या निवडीवरूनच ग्रामसभेत हाणामाऱ्या आणि पोलीस बंदोबस्त. हे पद म्हणजे सरपंचपदाच्या आधीची पायरी, असा काही जणांचा समज झाला होता. आपल्याकडेही एका वर्षी दोन पॅनेल पडली होती. त्या वर्षी अध्यक्ष झालेल्या गृहस्थांनी वर्षभरात एकही बैठक बोलावली नाही. लोक आपले आक्कांच्या अंगणात जाऊन बसत आणि वही तिथे नेली जाई. समिती टिकली ती या अंगणामुळे, असं आता मागे वळून बघताना दिसतं.

गेल्या काही वर्षांत कामाचं स्वरूप बदललंय. बांधाच्या अर्जांच्या जोडीला व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून, डीजेच्या आवाजावरून, मिरवणुकीच्या मार्गावरून येणारे अर्ज वाढलेत. पोरांची भांडणं संध्याकाळी सुरू होतात आणि रात्रीपर्यंत जातीची होतात. तिथे समितीला अर्जाची वाट बघून चालत नाही. तरुण मंडळाचे दोन सदस्य आधीच जाऊन दोन्हीकडचे फोन खाली ठेवायला लावतात. वयाने मोठ्या पंचांना हे जमत नाही, आणि त्यांनी ते कबूल केलं ही चांगली गोष्ट झाली.

जमिनीच्या जुन्या घोळांना मात्र एक नवी वाट मिळाली आहे. २०२३ च्या जानेवारीत सरकारने सलोखा योजना आणली. एकाच्या नावावरची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असा प्रकार आपल्याकडे कितीतरी ठिकाणी आहे. वाटणीच्या वेळी गट नंबर उलटसुलट लागले आणि तीन पिढ्या तसेच कसत राहिल्या. असा ताबा बारा वर्षांचा असेल आणि दोघांची संमती असेल, तर तलाठ्याच्या पंचनाम्यानंतर अदलाबदलीचा दस्त एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी भरून करता येतो. एरवी मुद्रांकाच्या खर्चाला घाबरूनच लोक गप्प बसायचे. अशा प्रकरणात संमती मिळवणं हे समितीचं काम, बाकीचं तलाठी आणि दुय्यम निबंधक बघतात.

त्याच वर्षी संसदेने मध्यस्थी कायदा केला. गावा-वस्तीची शांतता बिघडवू शकणारे वाद सामुदायिक मध्यस्थीने सोडवण्याची तरतूद त्यात आहे : दोन्ही बाजूंची आधी संमती, तीन मध्यस्थ, आणि झालेला समझोता शांतता राखण्यापुरता, कोर्टाच्या हुकुमनाम्यासारखा बजावता न येणारा. ही तरतूद वाचून दाखवली तेव्हा एक जुने सदस्य म्हणाले, "म्हणजे आपण करतो तेच की." जवळपास तेच. फरक इतकाच की आपल्याकडे संमती कागदावर घ्यायची पद्धत नव्हती, ती आता सुरू केली आहे.

हा मजकूर छापायला जात असताना वहीत ओढ्याकाठचं एक अतिक्रमणाचं प्रकरण उघडं आहे. दोन्ही बाजूंनी हिशेब लिहून दिलेत, एकमेकांशी अजून बोलत नाहीत. भूमी अभिलेखकडे तातडीच्या मोजणीचे पैसे दोघांनी निम्मे निम्मे भरलेत. मोजणी झाल्यावर पुढची बैठक ओढ्यावरच होईल.